ठिपक्यांची शर्यत

29 एप्रिल 2023, शनिवार. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ले साब्ल-दोलोन या गावात उजाडत होतं, भारतात सकाळचे दहा वाजून गेले होते. 36 फुटी एक शिडाची बोट शर्यतीची शेवटची रेषा ओलांडून बंदराकडे वळली. बोटीवर माणूस एकच, भारतीय नौदलातून निवृत्त झालेले कमांडर अभिलाष टॉमी. 236 दिवसांत त्यांचे पाय जमिनीला लागले नव्हते. साडेचार वर्षांपूर्वी याच शर्यतीत पाठीचा कणा मोडून घेतलेला हा माणूस आता सगळी पृथ्वी एकट्याने, न थांबता फिरून दुसरा आला होता. गोल्डन ग्लोब शर्यतीत त्याआधी एकाही भारतीयाने, किंबहुना एकाही आशियाईने, असा क्रमांक मिळवला नव्हता. आपल्याकडे तेव्हा आयपीएलचा हंगाम ऐन भरात होता. बातमी आली, छापून आली आणि षटकारांच्या गर्दीत पुढे सरकली.

कोल्हापुरात अशा बातमीचं काय होतं? एरवी खेळाचं वेड म्हणजे काय, हे या शहराला शिकवावं लागत नाही. खासबागेत कुस्ती बघायला लोटणारी गर्दी, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉल संघांच्या सामन्याला दुभंगणाऱ्या पेठा, विश्वचषक आला की चौकाचौकांत लागणारे अर्जेंटिना-ब्राझीलचे फलक. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री मेस्सीने चषक उचलला तेव्हा कोल्हापूर रस्त्यावर होतं. त्याच रात्री दक्षिण महासागरात एक भारतीय माणूस जगातल्या सर्वांत लांब आणि सर्वांत एकाकी शर्यतीत आपली बोट हाकत होता. त्याच्या नावाचा फलक कुठल्या चौकात लागला नाही. यात चाहत्यांचा दोष नाही. जो खेळ दिसत नाही, ज्याचं थेट प्रक्षेपण नाही, ज्याचा निकाल लागायला आठ महिने लागतात, त्याचा चाहता व्हायचं तरी कसं?

पण व्हायला जमतं. जगभर हजारो माणसं अशा शर्यतींचा रोज पाठपुरावा करतात. त्यासाठी लागते ती एक वेबसाइट, तिच्यावरचा जगाचा नकाशा आणि त्या नकाशावर सरकणारे रंगीत ठिपके. प्रत्येक बोटीवर उपग्रहाला आपला ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र असतं. ठरावीक वेळाने ठिपका थोडा पुढे जातो. बाजूला वेग, दिशा आणि शेवटच्या रेषेपर्यंत उरलेलं अंतर दिसतं. याला ट्रॅकर म्हणतात. चाहत्याचं स्टेडियम ते हेच.

गोल्डन ग्लोबची गंमत अशी की या स्टेडियममधल्या प्रेक्षकाला जे दिसतं ते खेळाडूला दिसत नाही. शर्यतीचे नियमच तसे आहेत. 1968 साली जे तंत्रज्ञान उपलब्ध होतं तेवढंच वापरायचं. बोट 32 ते 36 फुटांची, जुन्या धाटणीच्या लांब कण्याची. जीपीएस नाही. सूर्य-ताऱ्यांची उंची सेक्स्टंटने मोजायची, कागदी नकाशावर पेन्सिलीने आपली जागा शोधायची. हवामान कळायचं ते रेडिओवरून आणि वायुभारमापकाकडे बघून. गाणी ऐकायची तर कॅसेट लावायची, फोटो काढायचे तर फिल्मच्या कॅमेऱ्याने. आणीबाणीसाठी एका पेटीत जीपीएस असतो, पण त्या पेटीला सील लावलेलं असतं. सील तोडलं किंवा वाटेत एकदा कुणाची मदत घेतली, की खलाशी मुख्य गटातून बाद होतो आणि ‘चिचेस्टर’ नावाच्या दुसऱ्या वर्गात जातो. बोटीवरचा ट्रॅकर जगाला तिची जागा सांगतो, बोटीवरच्या माणसाला सांगत नाही.

म्हणजे कोल्हापूरच्या राजारामपुरीत चहा पिता पिता मोबाइल बघणाऱ्याला ठाऊक असतं की अभिलाष टॉमी कुठे आहेत, पुढची बोट किती मैलांवर आहे आणि मागून वादळ येतंय का. टॉमींना स्वतःला मात्र आपली जागा अंदाजानेच माहीत असते आणि बाकीच्यांची तर रेडिओवर कानावर पडेल तेवढीच. ही उलटी स्थिती दुसऱ्या कुठल्या खेळात सापडणं कठीण. 2022-23 ची शर्यत दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर या महिलेने जिंकली. 27 एप्रिलला त्या किनाऱ्याजवळ पोहोचल्या आणि वाराच पडला. रेषा समोर असताना बोट तासन्‌तास जवळपास जागच्या जागी. ट्रॅकर उघडून बसलेल्या सगळ्या जगाला माहीत होतं की त्या पहिल्या आहेत. आपण जिंकलो हे नॉयशेफर यांना अगदी शेवटी कळलं. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

या शर्यतीचा चाहता होण्याआधी तिची पहिली आवृत्ती जाणून घ्यायला हवी, कारण ठिपक्यांचं महत्त्व तिथेच कळतं. 1968 साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने जाहीर केलं की, न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या माणसाला सोन्याचा गोल आणि सर्वांत जलद करणाऱ्याला 5,000 पौंड. 9 जण निघाले. शर्यत पूर्ण करून परत आला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 14 जून 1968 रोजी इंग्लंडच्या फॅलमथ बंदरातून निघून 22 एप्रिल 1969 रोजी तो तिथेच परतला, 312 दिवसांनी. त्याचा रेडिओ वाटेतच बंद पडला होता. नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ तो लोकांना दिसला आणि त्यानंतर थेट एप्रिलपर्यंत त्याचा काही पत्ता नव्हता. घरच्यांनी, वाचकांनी, वर्तमानपत्राने, सगळ्यांनी फक्त वाट बघितली. फ्रान्सचा बर्नार म्वातेसिए चांगल्या वेगात होता, पण शर्यतीलाच कंटाळून त्याने बोट युरोपकडे न वळवता पुढे ताहितीकडे नेली.

आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट. इंग्लंडचा हा इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा व्यावसायिक निघण्याच्या शेवटच्या मुदतीच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, अर्धवट तयार झालेल्या तीन सांगाड्यांच्या बोटीतून निघाला. बोट दक्षिण महासागरात टिकणार नाही हे त्याला लवकरच उमगलं. मग त्याने रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवायला सुरुवात केली. एका दिवसात 243 मैल कापल्याचा दावाही केला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. प्रत्यक्षात तो अटलांटिकमध्येच घिरट्या घालत होता, दोन वेगवेगळ्या नोंदवह्या लिहीत. त्याच्या खोट्या वेगाचा धसका घेऊन नायजेल टेटली या स्पर्धकाने आपली आधीच खिळखिळी झालेली बोट दामटली आणि ती मे 1969 मध्ये अझोर्स बेटांजवळ बुडाली. टेटली वाचला. क्रोहर्स्टची रिकामी बोट 10 जुलैला अटलांटिकमध्ये तरंगताना सापडली. तो कधीच सापडला नाही. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या वाट्याला आलेले 5,000 पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. आज ट्रॅकरवर बोट जिथे असते तिथेच दिसते, त्यामुळे त्या जातीचं खोटं बोलणं आता शक्य नाही. चाहत्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

आता मराठी वाचकाच्या घरातली गोष्ट. नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ ही बोट इंग्लंडमध्ये बांधलेली नव्हती. ती बांधली गेली मुंबईत, कुलाब्याला, 1960 च्या दशकात, सागवानी लाकडात. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. सुताराच्या हत्यारांनी तासलेल्या फळ्यांची ही 32 फुटी बोट तो मुंबईहून इंग्लंडला घेऊन गेला आणि पुढे तिच्यातूनच सगळ्या जगाला वळसा घातला. म्हणजे न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली बोट मुंबईची. मुंबईत किती जणांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

भारतात या खेळाचं बीज रुजवलं ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. 1971 च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहायला गेले. समुद्रापासून इतक्या आत, माळावर बसून त्यांनी एक हट्ट धरला, की भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलीच पाहिजे. नौदलाने प्रकल्प हाती घेतला आणि ‘कोण जाणार’ या प्रश्नाला हात वर केला कमांडर दिलीप दोंदे यांनी. दोंदे यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे उमेदवारी केली. बोट बांधायचं काम गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डकडे आलं. दांडेकरांनी अशी महासागरी शिडाची बोट त्याआधी बांधलेली नव्हती. 56 फुटी ‘म्हादई’ फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. गोव्याच्या नदीचंच नाव तिला दिलं होतं.

दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातलं फ्रिमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन अशा 4 मुक्कामांनंतर मे 2010 मध्ये ते परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मुक्कामांवर बोटीची डागडुजी करायला जाणाऱ्या चमूत एक तरुण अधिकारी होता, अभिलाष टॉमी. 1 नोव्हेंबर 2012 रोजी त्याच ‘म्हादई’तून तो निघाला तो मुक्काम न करता, मदत न घेता 151 दिवसांनी मार्च 2013 च्या अखेरीस मुंबईत परतला. या दोन मोहिमा शर्यती नव्हत्या. पण त्या झाल्या नसत्या तर पुढच्या शर्यतीत भारताचा ठिपका दिसलाच नसता.

ऑस्ट्रेलियाच्या डॉन मॅकिंटायर यांनी 1968 च्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 2018 साली गोल्डन ग्लोब पुन्हा सुरू केली. टॉमींसाठी दांडेकरांनी गोव्यात ‘सुहैली’ची हुबेहूब प्रतिकृती बांधली. तिचं नाव ‘थुरिया’. 1 जुलै 2018 रोजी शर्यत सुटली. सप्टेंबरात टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते. 21 सप्टेंबरला, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका या दोहोंपासून खूप दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ताशी 130 किलोमीटरचे वारे आणि 14 मीटरच्या लाटा यांच्या तडाख्यात थुरिया उलटीपालटी झाली. डोलकाठी मोडली. टॉमी उंचावरून आपटले आणि त्यांच्या पाठीचे मणके मोडले.

त्या आठवड्यात ट्रॅकर बघणाऱ्यांनी जे अनुभवलं ते स्टेडियममध्ये अनुभवायला मिळत नाही आणि मिळू नये. यंत्रावरून छोटे छोटे निरोप येत होते. बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठीला जबर इजा, उठता येत नाही. पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर ठिपका वाहत चालला होता. आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन याचीही डोलकाठी त्याच वादळात मोडली होती, तरी त्याने तात्पुरतं शीड उभारून टॉमींच्या दिशेने बोट वळवली. भारतीय नौदलाच्या पी-8आय विमानाने मॉरिशसहून उडून थुरियाचा शोध घेतला. 24 सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने टॉमींना उचललं, मॅकगकिनलाही घेतलं. पुढे नौदलाच्या ‘सातपुडा’ने त्यांना विशाखापट्टणमला आणलं. शस्त्रक्रियेत मणक्यांना धातूचे गज बसवावे लागले. पुन्हा चालायला शिकण्यापासून सुरुवात होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात मनोहर आवटी गेले. आपल्या माणसाला गोल्डन ग्लोब पूर्ण करताना बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

ती 2018 ची शर्यत जिंकली 73 वर्षांच्या ज्यां-लुक व्हान डेन हेड या फ्रेंच गृहस्थाने, सुमारे 212 दिवसांत. त्याची डोलकाठीही वाटेत डळमळली होती, ती चढून दुरुस्त करत तो पोहोचला. शेवटचा आला फिनलंडचा तापिओ लेहतिनेन. बोटीच्या तळाला इतक्या शिंपल्या चिकटल्या की वेगच राहिला नाही. 322 दिवस लागले. चाहत्यांना मात्र तो पहिल्या आलेल्यापेक्षाही जास्त आवडला. रोज ठिपका बघायचा, तो इतकासाच सरकलेला असायचा, आणि तरी त्याची कुरकुर म्हणून नाही.

लेहतिनेन 2022 मध्ये पुन्हा आला, टॉमीही आले. 4 सप्टेंबरला 16 बोटी निघाल्या. 18 नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला, लेहतिनेनची बोट मागच्या बाजूने पाणी शिरून काही मिनिटांत बुडाली. तो रबरी तराफ्यावर एक दिवस तरंगत राहिला. नॉयशेफर शंभरेक मैलांवर होत्या. त्यांनी शर्यत बाजूला ठेवून रात्रभर बोट हाकली, त्याला शोधलं, उचललं आणि तिथून जाणाऱ्या ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजावर पोहोचवून पुन्हा शर्यतीला लागल्या. याबद्दल आयोजकांनी त्यांच्या वेळेतून 35 तास वजा केले. जीव वाचवायला वळलेल्याला तेवढा वेळ परत देणारा नियम या खेळात लिहिलेला आहे, आणि तो वापरावा लागतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये टॉमींनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घातला तोपर्यंत निम्म्याहून जास्त बोटी गळाल्या होत्या. बराच काळ आघाडीवर असलेल्या ब्रिटनच्या सायमन कर्वेनचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. दुरुस्तीला चिलीत थांबल्यामुळे तो चिचेस्टर वर्गात गेला. खरं तर तो नॉयशेफरांच्या आधी पोहोचला, पण पहिला धरला गेला नाही. टॉमींचंही तेच वाऱ्यावर चालणारं यंत्र पुन्हापुन्हा मोडत होतं. बोटीतल्याच फळ्या आणि सुटे तुकडे कापून ते नवे भाग करत राहिले. अटलांटिकमध्ये त्यांच्यात आणि नॉयशेफरांच्यात अंतर कधी घटे, कधी वाढे. चाहत्यांच्या दृष्टीने शर्यतीचा हा सर्वांत रंगलेला काळ. शेवटी दोघांच्या पोहोचण्यात दीड दिवसापेक्षाही कमी फरक राहिला. 30,000 मैलांच्या शर्यतीत दीड दिवस! तिसरा आला ऑस्ट्रियाचा मिखाएल गुगेनबेर्गर, मे महिन्यात. मुख्य गटात बस, एवढेच तिघे.

ठिपके वाचायचे कसे, हे कळलं की पुढचं आपोआप येतं. पहिली गोष्ट, बोटीचा सरासरी वेग. 236 दिवसांत सुमारे 30,000 सागरी मैल म्हणजे ताशी सव्वापाच सागरी मैल (सव्वापाच नॉट), साधारण 10 किलोमीटर. म्हणून तासातासाला बघण्यात अर्थ नाही. सकाळी एकदा आणि रात्री एकदा पुरतं. दुसरी गोष्ट, ‘उरलेलं अंतर’ हा आकडा फसवा आहे. तो सरळ रेषेत मोजतात, आणि शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तिरपं जात नागमोडी वाट काढावी लागते. दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर उच्च दाबाचा मोठा पट्टा असतो, तिथे वारा पडलेला. जवळची वाट धरून त्यात शिरणारी बोट आकड्यांत पुढे दिसते आणि तिथेच अडकून बसते. लांबून वळसा घेणारी मागे दिसते आणि आठवड्याने पुढे निघते. नवखा चाहता आकडा बघतो, जुना चाहता वारा बघतो.

वारा बघणं कोल्हापूरला नवीन नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर इथल्या घराघरांत पावसाचे नकाशे आणि ‘विंडी’सारखी अ‍ॅप उघडली जातात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे किती इंचांनी चालली आहे, याचा हिशेब तासातासाला ठेवणारं हे शहर आहे. एका आकड्यावर नजर ठेवून, दूरच्या राधानगरीच्या पाणलोटात काय चाललंय ते ताडायचं, ही सवय ट्रॅकरच्या चाहत्याला लागते तीच. शिवाय जूनमध्ये गगनबावड्यावर आदळणारा नैर्ऋत्य वारा विषुववृत्ताच्या पलीकडे आग्नेय व्यापारी वारा म्हणूनच वाहत असतो. विषुववृत्त ओलांडलं की तो वळतो. गोल्डन ग्लोबमधल्या बोटी अटलांटिकमध्ये याच जातीच्या वाऱ्यांच्या जोरावर वर-खाली जातात. विषुववृत्ताच्या आसपास मात्र वारे मंद आणि बेभरवशाचे, तिथे दिवसेंदिवस ठिपके रेंगाळतात. त्याच्याही खाली, 40 अंश दक्षिणेपलीकडे, वाऱ्याला अडवायला जमीन जवळपास नाहीच. खलाशी त्याला ‘गरजणारी चाळिशी’ म्हणतात. आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं लीविन आणि दक्षिण अमेरिकेचं हॉर्न ही 3 टोकं याच वाऱ्यांच्या जोरावर ओलांडायची. कुणाचा ठिपका फार खाली उतरला, तर त्याने वाऱ्याच्या लोभाने थंडी आणि वादळाचा धोका पत्करला आहे, असं समजावं.

कोल्हापूर आणि समुद्र यांचा संबंध काय, असं विचारणाऱ्याला एक आठवण करून द्यायला हरकत नाही. 1812 पर्यंत मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूर संस्थानाकडे होता. त्या वर्षीच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला आणि कोल्हापूर समुद्राला पारखं झालं. बाकी नदीतल्या होड्यांच्या शर्यती सांगली-इचलकरंजीकडे आजही पावसाळ्यात गाजतात, काठावर हजारो लोक उभे असतात. शिडाची बोट तेवढी आपल्या नजरेपलीकडे राहिली.

गोल्डन ग्लोब हा शिडाच्या शर्यतींच्या जगातला सर्वांत संथ प्रकार. दुसऱ्या टोकाला आहे अमेरिका कप. 1851 साली सुरू झालेला, आंतरराष्ट्रीय खेळातला सर्वांत जुना चषक. त्यातल्या आजच्या बोटी पाण्यावर चालत नाहीत, पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाऊन 50 नॉटच्या पुढे धावतात. फेरी अर्ध्या तासात संपते. एकेका संघाचा खर्च शेकडो कोटींत. 2024 साली बार्सिलोनात न्यूझीलंडने ब्रिटनला 7-2 असं हरवून तो चषक राखला. बघायला तो नेत्रदीपक आहे यात वाद नाही, पण पैसा आणि कोर्टकज्जे यांची सावली या चषकावर जुनीच आहे. मधला मार्ग म्हणजे व्हेंदे ग्लोब. तीही ले साब्ल-दोलोनहूनच सुटते, दर 4 वर्षांनी, 60 फुटी आधुनिक बोटी, एकटा खलाशी, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. 2024-25 मध्ये चार्ली दालँ याने ती 65 दिवसांच्या आत पूर्ण केली. टॉमींना जिथे 236 लागले. या शर्यतीबरोबर एक ऑनलाइन खेळही चालतो. प्रत्यक्षातल्या हवामानाच्या आकड्यांवर चाहता आपली आभासी बोट हाकतो. 2020-21 मध्ये 10 लाखांहून जास्त लोक तो खेळले. वाऱ्याचं गणित शिकायला यासारखी शाळा नाही, आणि ती घरबसल्या.

संघाने खेळायच्या ‘ओशन रेस’चा एक मुक्काम, तेव्हा ती व्होल्वोच्या नावाने चाले, डिसेंबर 2008 मध्ये कोचीला होता. त्यानंतर ती भारतात आलेली नाही. नौदलाच्या मोहिमा मात्र थांबल्या नाहीत. दांडेकरांनीच बांधलेल्या ‘तारिणी’तून 6 महिला अधिकारी सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात जग फिरून आल्या. त्यांना शिकवलं दिलीप दोंदे यांनी. त्याच बोटीतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ऑक्टोबर 2024 मध्ये गोव्याहून निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी परतल्या. त्यांचे गुरू होते अभिलाष टॉमी. एकाने दुसऱ्याला शिकवावं आणि बोटी एकाच बेटावर बांधल्या जाव्यात, अशी ही परंपरा अजून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या माणसांची आहे. तिला चाहते मिळाले तर प्रायोजक मिळतील. 2022 साली टॉमींच्या बोटीवर नाव होतं ‘बायानात’ या संयुक्त अरब अमिरातीच्या कंपनीचं. भारतीय खलाशी, आणि पैसा परक्या देशाचा. ही गोष्ट इथल्या उद्योगांना लागायला हवी होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसमध्ये नेमबाजीत ऑलिंपिक कांस्य मिळवलं, तोपर्यंत 50 मीटर रायफलच्या 3 स्थितींबद्दल गावात किती जणांना माहिती होती? आता पोरंसुद्धा सांगतात. खेळ कळायला एक आपला माणूस पुरतो. शिडाच्या बोटीत असा आपला माणूस आधीच येऊन गेला आहे, दोंदे आणि टॉमी यांच्या रूपाने. उशीर आपल्याकडून झाला आहे.

पुढची गोल्डन ग्लोब सप्टेंबर 2026 मध्ये ले साब्ल-दोलोनहून सुटायची ठरली आहे. फ्रान्सचं घड्याळ त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. ट्रॅकर बघायला पैसे पडत नाहीत. एक बोट निवडा, तिच्या खलाशाचं नाव लक्षात ठेवा आणि पहिले 15 दिवस रोज रात्री तिच्या ठिपक्याशेजारचा वारा बघा. बिस्केच्या उपसागरातून बाहेर पडेपर्यंतच काही जण माघारी फिरतील. उरलेल्यांची शर्यत 2027 च्या उन्हाळ्यापर्यंत चालेल.